दोन ऑफिस, एक हिशोब : सभासदांची नोंद कशी जपायची



मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "ऑफिसचा कॉम्प्युटर बंद पडला तर आमच्या शेअरचं आणि माशांच्या वजनाचं काय?" त्या वेळी आम्ही "बॅकअप आहे" एवढंच बोलून पुढचा विषय घेतला. ते उत्तर अपुरं होतं, म्हणून आज सविस्तर लिहीत आहोत. पोस्ट लांब आहे, पण एकदा वाचा. घरातल्या शिकणाऱ्या पोरांनाही वाचायला द्या.

आधी आमची चूक

गेल्या पावसाळ्यात विजेचा दाब वरखाली झाला आणि सिल्वासा ऑफिसचा कॉम्प्युटर गेला, हे तुम्हाला माहीत आहे. पण बॅकअपचा पेनड्राइव्ह त्याच कॉम्प्युटरला मागून लावलेला होता आणि तोही गेला, हे आम्ही तेव्हा मोकळेपणी सांगितलं नाही. १९ दिवसांच्या वजनाच्या नोंदी तुमच्याकडच्या पावत्यांवरून पुन्हा भराव्या लागल्या. ज्यांनी पावत्या डब्यात जपल्या होत्या त्यांचा हिशोब तासाभरात जुळला. ज्यांच्या पावत्या होडीत भिजल्या त्यांचं तोंडी सांगणं धरावं लागलं. त्यावरून दोन घरांत बोलाचाली झाली. ती माणसं खोटी नव्हती. नोंद जपणं आमचं काम होतं आणि ते आम्ही नीट केलं नाही.

बैल गेला आणि झोपा केला, असं झालं खरं. पण झोपा आता तरी पक्का बांधायचा आहे.

नोंद गेली तर नक्की काय जातं?

रोजचं वजन, दर, जाळ्यासाठी घेतलेली उचल, शेअरची रक्कम, होडीचे कागद, वारसाचं नाव, हे सगळं त्या एका पेटीत असतं. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांचा अपघात विमा आहे. मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख रुपये मिळतात. अशा वेळी घरचा माणूस मच्छीमार होता, आपला सभासद होता, वारस कोण आहे, हे कागदाने दाखवावं लागतं. धरणावर दुर्घटना झाली आणि त्याच आठवड्यात आपला कॉम्प्युटर बंद असला, तर त्या बाईने कुठे जायचं? बँकेत किसान क्रेडिट कार्डासाठी गेलात तरी तेच. आपल्या कमाईचा पुरावा म्हणजे ही नोंद.

मोठ्यांचंही असं झालेलं आहे

२१ जून २०१२ ला मुंबईत मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यावर सुरू झालेली आग वरच्या मजल्यांवर गेली. ५ माणसं दगावली आणि फायलींचे ढीग जळाले. त्यानंतर राज्य सरकारने फायली स्कॅन करण्यावर आणि ई-ऑफिसवर जोर दिला.

१० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात एका मोठ्या डेटा सेंटरला आग लागली. तिथे कॉम्प्युटर ठेवणाऱ्या काही ग्राहकांकडे बॅकअप होता, पण तो त्याच आवारात होता. मूळही गेलं आणि बॅकअपही गेला.

आमच्या पेनड्राइव्हची गोष्ट हीच, फक्त लहान. प्रत दुसरी होती, जागा दुसरी नव्हती.

तीन-दोन-एक

पीटर क्रोग नावाच्या एका अमेरिकन फोटोग्राफरने आपले फोटो जपण्यासाठी एक साधा नियम सांगितला. आज तो जगभर वापरतात.

🔹 कामाची आणि जपलेली धरून एकूण तीन प्रती.
🔹 दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर. दोन्ही एकाच पेटीत नकोत.
🔹 त्यातली एक प्रत दुसऱ्या जागी.

आपल्याकडे ती दुसरी जागा आधीच आहे. एक ऑफिस सिल्वासात, दुसरी खोली खानवेलला, मध्ये साधारण २० किलोमीटर. सिल्वासाची प्रत खानवेलला आणि खानवेलची सिल्वासाला ठेवायची. नवीन जागा भाड्याने घ्यायची गरज नाही.

पण २० किलोमीटर पुरे का?

हा प्रश्न एका होडीमालकाने विचारला आणि बरोबर विचारला. आग, चोरी, विजेचा झटका यांच्यासाठी पुरे. पुरासाठी मात्र नुसतं अंतर मोजून चालत नाही. सिल्वासात दमणगंगा आहे, खानवेलला साकरतोड, आणि साकरतोडचं पाणी शेवटी दमणगंगेलाच मिळतं. घाटात मोठा पाऊस झाला की दोन्हीकडे एकाच रात्री पाणी चढू शकतं. म्हणून दोन्ही ठिकाणी कॉम्प्युटर आणि डिस्क जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर ठेवायच्या असं ठरवलं आहे. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, एक पूर्ण प्रत या खोऱ्याच्या बाहेर बँकेच्या लॉकरमध्ये जाईल.

इंटरनेटने पाठवायचं की मोटारसायकलने?

दोन्ही. हिशोब मांडून दाखवतो.

आपल्या खात्यांचा, स्कॅन केलेल्या कागदांचा आणि फोटोंचा मिळून डेटा साधारण ८ जीबी आहे. आपल्या लाइनचा वर पाठवायचा वेग ४ एमबीपीएस आहे. इथे बरेच जण फसतात. एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, आणि फाइल मोजतात मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आकड्याला ८ ने भागायचं. म्हणजे सेकंदाला अर्धा एमबी, तासाला १.८ जीबी. ८ जीबीला साडेचार तास लागतील, तेही लाइन एकदाही तुटली नाही तर.

दुसरी गोष्ट, कंपनी जाहिरातीत सांगते तो वेग बहुतेक वेळा खाली उतरवण्याचा असतो. बॅकअपला लागतो वर पाठवण्याचा, आणि तो पुष्कळदा कमी असतो. लाइन घेताना तोच विचारा.

म्हणून पहिली पूर्ण प्रत डिस्कवर भरून मोटारसायकलने खानवेलला न्यायची. त्यानंतर रोज रात्री फक्त बदललेल्या फायली पाठवायच्या. दिवसाचा बदल साधारण ६० एमबी असतो, तो दोन मिनिटांत जातो.

जोडलेली प्रत ही खरी प्रत नव्हे

काही जण म्हणाले, "गूगल ड्राइव्हला जोडून टाका, काम झालं." जोडणी चांगली आहे, पण इथे चुकून फाइल पुसली की तिथूनही पुसली जाते. काही दिवस ती कचरापेटीत मिळते, पुढे तीही नाही. एखाद्याचं नाव एप्रिलमध्ये चुकून उडालं आणि मार्चच्या ऑडिटला लक्षात आलं, तर नुसत्या जोडणीचा उपयोग नाही. म्हणून जुन्या प्रतीही ठेवायच्या : रोजच्या ७, आठवड्याच्या ४, महिन्याच्या १२.

दुसरं भय खंडणीच्या व्हायरसचं. हा व्हायरस फायलींना कुलूप लावतो आणि पैसे मागतो. जोडलेल्या डिस्कलाही तो सोडत नाही. जुलै २०२४ अखेरीस बँकांना कॉम्प्युटर सेवा देणाऱ्या एका कंपनीवर असा हल्ला झाला. तेव्हा देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे, त्यात सहकारी बँकाही आल्या, यूपीआयसारखे व्यवहार काही काळ थांबवावे लागले होते. आपण लहान आहोत म्हणून कुणी हात लावणार नाही, या भ्रमात राहू नये.

उपाय सोपा आहे. एक डिस्क नेहमी सुटी ठेवायची. वायर नाही, नेट नाही. जी जोडलेलीच नाही तिला व्हायरस शिवणार कसा?

आता ठरवलेली पद्धत

१. रोज रात्री ९ वाजता दोन्ही ऑफिसचे बदल एकमेकांकडे जातील. सकाळी पहिलं काम म्हणजे प्रत पोचली का ते पाहून वहीत सही करणं.

२. लाल आणि निळी अशा दोन डिस्क. शनिवारी पेमेंट झालं की लाल डिस्क भरून खानवेलला जाईल, तिथली निळी परत येईल. पुढच्या शनिवारी उलट. दोन्ही एकाच गाडीवरून एका वेळी न्यायच्या नाहीत. निळी सिल्वासात पोचेपर्यंत लाल खानवेलच्या कपाटातच राहील.

३. डिस्क स्टीलच्या घट्ट डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून. आपल्याकडची पावसाळी हवा यंत्रांना मानवत नाही.

४. डिस्कला पासवर्डचं कुलूप. तुमच्या आधारच्या आणि पासबुकाच्या प्रती त्यात आहेत. वाटेत डिस्क पडली तरी कुणाला उघडता येऊ नये. पासवर्ड दोन सीलबंद पाकिटांत, दोन वेगळ्या पदाधिकाऱ्यांकडे. एकट्या सचिवाच्या डोक्यात ठेवणार नाही, सचिवही आजारी पडतो.

५. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी परीक्षा. खानवेलला बसून, सिल्वासाला फोन न करता, कुठल्याही एका सभासदाचा पूर्ण हिशोब जपलेल्या प्रतीतून काढून छापायचा. निघाला तर बॅकअप आहे. नाही निघाला तर नाही, मग वहीत कितीही सह्या असोत.

६. दर चार वर्षांनी डिस्क बदलायच्या, चालू असल्या तरी.

खर्च हजारांत आहे, लाखांत नाही. बिलं पुढच्या बैठकीत मांडू.

दोन प्रश्न, ज्यांचं उत्तर तुम्ही द्यायचं आहे

पहिला : जास्तीत जास्त किती दिवसांच्या नोंदी पुन्हा भरायची आपली तयारी आहे? आम्ही एक दिवस धरला आहे. गेल्या वर्षी १९ दिवस गेले होते.

दुसरा : ऑफिस बुडालं तर किती दिवसांत पेमेंट पुन्हा सुरू व्हायला हवं? आम्ही तीन दिवस धरले आहेत. घर रोजच्या माशावर चालतं, त्यामुळे तीन दिवस जास्त वाटत असतील तर बैठकीत बोला. कमी दिवस हवे असतील तर एक जादा कॉम्प्युटर तयार ठेवावा लागेल, त्याचा खर्च सगळ्यांनी मिळून ठरवू.

तुमच्याकडून एवढंच

✅ वजनाची पावती मिळाली की लगेच मोबाइलवर फोटो काढा. होडीत भिजली तरी फोटो राहील.
✅ पावसाळी बंदीच्या दिवसांत एकदा ऑफिसला येऊन आपलं नाव, वारस, होडीचे कागद आणि शेअरची रक्कम स्क्रीनवर पाहून जा. चुकीच्या नोंदीच्या तीन प्रती केल्या तर चूकच तीन ठिकाणी जाते.
✅ सोमवारच्या परीक्षेला कुणीही येऊन बसू शकतं. स्वतःचाच हिशोब काढायला सांगा.

ज्या ताईंनी प्रश्न विचारला त्यांना आमची विनंती आहे, पहिल्या परीक्षेला तुम्हीच या. तुमचा हिशोब खानवेलला निघतो का, ते सगळ्यांसमोर पाहू.

– सचिव, आणि ऑफिसमधले आम्ही सगळे