विंडोजचा खेळ, लिनक्सचा रंगमंच



काही महिन्यांपूर्वी नववीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने मला एक प्रश्न विचारला. त्याच्या घरचा संगणक २०१६ सालचा. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीच्या नित्याच्या मोफत दुरुस्त्या थांबविल्या. घरगुती ग्राहकांनी नोंदणी केल्यास आणखी वर्षभराची सवलत तेवढी ठेवली. विंडोज ११ घालावे, तर ते त्या सालच्या इंटेल प्रोसेसरला अधिकृतपणे स्वीकारीत नाही. नवा संगणक घेण्याची घरची ऐपत नाही. तेव्हा थोरल्या भावाने त्याच यंत्रावर लिनक्स घातले. लेखन, चित्रपट, शाळेचा अभ्यास, सारे सुरळीत चालू लागले. मात्र वाढदिवसाच्या पैशांतून विकत घेतलेला एक खेळ काही केल्या उघडेना. मुलगा म्हणाला, “सर, संगणक तोच, खेळाची फाइल तीच, पैसेही भरलेले. मग आता तो का चालत नाही?”

प्रश्न पोराचा असला तरी पोरकट नव्हता. त्याचे उत्तर मी वर्गात पाच मिनिटांत देऊ शकलो नाही. ते आज येथे देण्याचा विचार आहे.

प्रथम जे बदललेले नाही ते पाहू. खेळ म्हणजे अखेरीस प्रोसेसरला दिलेल्या आज्ञांची एक अतिदीर्घ यादी होय. ही बेरीज कर, या दोहोंची तुलना कर, ही संख्या तेथे नेऊन ठेव, अशा त्या आज्ञा. त्या विंडोजच्या भाषेत नसून इंटेल किंवा एएमडी यांच्या प्रोसेसरच्या भाषेत असतात, आणि लिनक्स घातल्याने प्रोसेसर काही बदलत नाही. अडते ते निराळ्याच ठिकाणी. खेळाला स्वतःच्या बळावर पडद्यावर एक ठिपकादेखील उमटविता येत नाही. फाइल उघडावयाची, आवाज काढावयाचा, कळ दाबली गेली काय हे जाणून घ्यावयाचे, मेमरीत जागा मागावयाची, या प्रत्येक कामासाठी त्याला खालच्या प्रणालीला हाक मारावी लागते. विंडोजसाठी बेतलेला खेळ विंडोजमधील नावांनी हाका मारतो. लिनक्समध्ये ही सर्व कामे करणारे हजर आहेत. पण त्या नावांना ओ देणारे कोणीही नाही.

आपल्या नाटकमंडळ्या पूर्वी बेळगाव, हुबळी, इंदूर, बडोदे असे मुक्काम करीत हिंडत, हे आपणांपैकी वडीलधाऱ्यांनी ऐकले असेलच. नटांना आपापली नक्कल पाठ असे. ती गाव बदलल्याने बदलत नसे. परंतु पडदा कोणी ओढावयाचा, दिवा केव्हा मंद करावयाचा, तलवार कोणी हाती द्यावयाची, हे विंगेतील माणसांवर अवलंबून. आता कल्पना करा की परमुलखातील एका नाट्यगृहात पडदे आहेत, दिवे आहेत, माणसेही आहेत. पण आपल्या मंडळींच्या खुणा त्यांना कळत नाहीत. यावर दोन उपाय संभवतात. एक, त्या नाट्यगृहाच्या आत आपल्या गावचे संपूर्ण नाट्यगृह लाकडात उभारावयाचे आणि त्यात प्रयोग करावयाचा. संगणकात याला एम्युलेटर म्हणतात. त्यात प्रोसेसरचीसुद्धा प्रतिकृती करावी लागते व म्हणून काम मंदावते. दुसरा उपाय असा की, विंगेत एक जाणता व्यवस्थापक उभा करावयाचा, जो आपल्या नटांची प्रत्येक खूण ओळखील आणि स्थानिक माणसांकडून, स्थानिक दोऱ्या ओढवून, तेच काम करून घेईल. नट पूर्वीच्याच वेगाने बोलतात. भाषांतर होते ते खुणांचे. या दुसऱ्या उपायाला कंपॅटिबिलिटी लेयर, म्हणजे जुळवून घेणारा थर, असे नाव आहे.

लिनक्सवरील अशा थराचे नाव वाइन. ‘वाइन इज नॉट अ‍ॅन एम्युलेटर’, म्हणजे ‘वाइन हा एम्युलेटर नव्हे’, या वाक्याची ती आद्याक्षरे. नावातच नावाचे स्पष्टीकरण दडविण्याची ही संगणकतज्ज्ञांची जुनी हौस. १९९३ साली बॉब अ‍ॅमस्टॅड यांच्या पुढाकाराने काम सुरू झाले, तेव्हा विंडोज ३.१ चे दिवस होते. १९९४ पासून त्याची धुरा अलेक्झांडर ज्युलियार्ड यांच्याकडे आहे. पहिली पक्की आवृत्ती, म्हणजे १.०, जून २००८ मध्ये बाहेर पडली. मध्ये पंधरा वर्षे गेली!

इतकी वर्षे का लागावीत? विंडोजमधील हाकांची नावे तर छापील ग्रंथांत उपलब्ध होती. पण नाव ठाऊक असणे निराळे आणि वागणूक ठाऊक असणे निराळे. अमुक हाकेला चुकीची संख्या दिली तर विंडोज काय करते? दोन हाका एकाच क्षणी आल्या तर आधी कोणाला उत्तर मिळते? पुष्कळ खेळ विंडोजच्या लेखी नियमांवर नव्हे, तर तिच्या सवयींवर, क्वचित तिच्या चुकांवरही विसंबून लिहिलेले असतात. म्हणून त्या चुकाही तंतोतंत वठवाव्या लागतात. बरे, विंडोजचा मूळ मजकूर पाहावयाची सोय नाही. तो मायक्रोसॉफ्टच्या मालकीचा. वाइनच्या मंडळींनी तर उलट नियम घालून घेतला आहे, की ज्याने तो मजकूर पाहिला असेल त्याने त्या विषयाच्या कामात हात घालू नये. मग करावयाचे काय? लहान लहान चाचण्या लिहावयाच्या, त्या खऱ्या विंडोजवर चालवावयाच्या, काय उत्तर येते ते टिपून घ्यावयाचे, आणि तेच उत्तर येईल अशी आपली स्वतंत्र रचना करावयाची. बंद दाराबाहेर उभे राहून, टकटक करून, आतून येणाऱ्या आवाजावरून घराचा नकाशा काढण्यासारखे हे काम आहे. माझ्या मते या सर्व प्रकरणातील खरे कौतुकाचे स्थान हेच. पुढे जे यश दिसले त्याचा पाया या कंटाळवाण्या टिपणांत आहे.

या थराच्या आत डोकावले तर गंमत वाटते. विंडोजमधील सी ड्राइव्ह येथे एक साधे फोल्डर असते. विंडोजची रजिस्ट्री नावाची नोंदवही साध्या मजकुराच्या फायलींत ठेवलेली असते. लिनक्स ‘Map’ आणि ‘map’ यांसारख्या लहानमोठ्या अक्षरांतील नावांना दोन भिन्न फायली समजते, विंडोज तसा भेद मानीत नाही. तेव्हा हा भेद खेळाला कळू न देण्याची जबाबदारीही वाइनचीच.

तथापि खेळांच्या बाबतीत सर्वांत अवघड घाट चित्रांचा होता. विंडोजवरील बहुतेक खेळ डायरेक्टथ्रीडी नावाच्या मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीने ग्राफिक्स कार्डाशी बोलतात. लिनक्समध्ये ती पद्धत नाही. वाइन पूर्वी त्या आज्ञांचे ओपनजीएल या जुन्या पद्धतीत रूपांतर करीत असे. पण दोहोंची घडण इतकी भिन्न की खेळ रखडत चाले. फेब्रुवारी २०१६ मध्ये व्हल्कन ही नवी, सर्वांना खुली पद्धत आली. ती कार्डाच्या अगदी जवळून बोलते, त्यामुळे तिच्यात रूपांतर करताना नासाडी कमी होते. फिलिप रेबोले या तरुणाला ‘नियर: ऑटोमाटा’ हा आपला आवडता खेळ लिनक्सवर खेळावयाचा होता. त्या ओढीतून त्याने डायरेक्टथ्रीडी ११ चे व्हल्कनमध्ये रूपांतर करणारी डीएक्सव्हीके ही रचना लिहिली, आणि २०१८ मध्ये ती झपाट्याने पुढे आली. एका खेळाच्या हट्टापायी हजारो खेळांचा मार्ग मोकळा झाला. आमच्या शिक्षकवर्गाने मुलांच्या हट्टाकडे पाहण्याची दृष्टी थोडी बदलावी असे मला तेव्हापासून वाटू लागले आहे!

आता यात व्यापाऱ्याचा प्रवेश होतो. व्हॉल्व्ह ही अमेरिकन कंपनी स्टीम नावाचे खेळांचे दुकान चालविते. दुकान तिचे, पण ते उभे होते विंडोजच्या जागेत. आणि विंडोज ८ बरोबर मायक्रोसॉफ्टने स्वतःचेच दुकान आत मांडावयास घेतले. २०१२ मध्ये व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनी त्या प्रणालीविषयी जाहीरपणे तीव्र नापसंती दर्शविली. जागेचा मालकच दुकान घालू लागला तर भाडेकरूने दुसरी जागा पाहावी, हा साधा व्यवहार. २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आले, २०१५ मध्ये लिनक्सवर चालणारी ‘स्टीम मशीन’ ही यंत्रे आली, आणि आपटली. कारण उघड होते: त्यांच्यावर खेळावयास पुरेसे खेळच नव्हते. खेळ नाहीत म्हणून ग्राहक नाहीत, ग्राहक नाहीत म्हणून खेळ नाहीत. हे चक्र मोडण्यासाठी कंपनीने निर्मात्यांची मनधरणी सोडली आणि वाइनचा आश्रय घेतला. वाइनची बहुतांश जोपासना करणाऱ्या कोडवीव्हर्स या कंपनीशी सहकार्य करून, वाइन, डीएक्सव्हीके आणि इतर भाग एकत्र बांधून, ऑगस्ट २०१८ मध्ये ‘प्रोटॉन’ प्रसिद्ध झाले. आरंभी अधिकृत यादीत अवघे २७ खेळ होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक हे हातात धरून खेळावयाचे यंत्र विक्रीस आले. ते लिनक्सवर चालते. ते विकत घेणाऱ्या पुष्कळांना आपण लिनक्स वापरीत आहो याची जाणीवही नसते.

प्रोटॉन सर्वांना मोफत व खुले आहे. स्टीममधून घेतलेल्या खेळासाठी वेगळी खटपट सहसा करावी लागत नाही. इतरत्र घेतलेल्या खेळांसाठी ल्युट्रिस किंवा हिरोइक ही साधने आहेत. मात्र जुन्या यंत्राच्या मालकाने एक गोष्ट आधी पाहावी. डीएक्सव्हीकेच्या आजच्या आवृत्त्यांना व्हल्कनची १.३ ही आवृत्ती लागते. फार जुन्या ग्राफिक्स कार्डांना ती मिळालेली नाही. तेथे जुन्या, मंद मार्गानेच जावे लागते.

आणि जे होत नाही ते स्पष्ट सांगावयास हवे, नाहीतर श्रोत्यांची फसगत होईल. अनेकांनी मिळून जाळ्यावरून खेळावयाच्या कित्येक खेळांत लबाडी पकडणारा पहारेकरी बसविलेला असतो. काही पहारेकरी प्रणालीच्या अगदी गाभ्यात, कर्नेलमध्ये, जाऊन बसतात. वाइनजवळ विंडोजचा गाभा नाहीच. तिच्याजवळ गाभ्याकडे जाणाऱ्या हाकांना ओ देणारी माणसे आहेत. तेव्हा असल्या पहारेकऱ्याला बसावयास जागाच सापडत नाही. ‘व्हॅलोरंट’ याच कारणाने चालत नाही. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन प्रमुख पहारेकऱ्यांनी २०२१ मध्ये प्रोटॉनसाठी मार्ग मोकळा केला खरा, पण तो वापरावा की नाही हे प्रत्येक निर्मात्याच्या मर्जीवर राहिले. ‘फोर्टनाइट’च्या निर्मात्यांनी तो नाकारला. ‘एपेक्स लेजंड्स’ हा खेळ लिनक्सवर चालत होता. ऑक्टोबर २०२४ अखेर त्याच्या निर्मात्यांनी, लबाडी करणारे लिनक्सचा आडोसा घेतात असे कारण देऊन, तो बंद केला. म्हणजे येथे अडथळा यंत्राचा नसून विश्वासाचा आहे, आणि तो कितीही चांगल्या भाषांतराने दूर व्हावयाचा नाही.

आणखी एक आक्षेप जाणती मंडळी घेतात, आणि तो मला सहज झटकून टाकता येत नाही. विंडोजचे खेळ लिनक्सवर आयतेच चालू लागले, तर लिनक्ससाठी म्हणून खेळ कोण लिहील? याला इतिहासाचा आधार आहे. आयबीएमच्या ओएस/२ या प्रणालीची १९९२ ची आवृत्ती विंडोजच्या आज्ञावल्या उत्तम चालवीत असे. तेव्हा कित्येक निर्मात्यांनी विचार केला की, एक विंडोजची प्रत लिहिली म्हणजे दोन्हीकडे भागते. पुढे ओएस/२ मागे पडली, त्याचे हेही एक कारण सांगितले जाते. परंतु दुसरी बाजूही अनुभवाची आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी खास लिनक्ससाठी लिहिलेले काही खेळ आज लिनक्सवरच उघडत नाहीत, कारण त्यांना लागणारे आधारभाग दरम्यान बदलून गेले; आणि त्याच खेळांच्या विंडोज-प्रती प्रोटॉनमधून बिनतक्रार चालतात. त्याहून मौज अशी की, विंडोज ३.१ च्या काळातील १६-बिटी आज्ञावल्या आजची ६४-बिटी विंडोज चालवीत नाही, पण लिनक्सवर वाइन त्यांपैकी पुष्कळ चालविते. मायक्रोसॉफ्टने केलेले वचन काही बाबतींत परक्यांनीच अधिक निष्ठेने पाळले आहे. ओएस/२ ची भीती मला खरी वाटते; पण विकत घेतलेली वस्तू आणखी वीस वर्षांनी उघडेल की नाही, हा प्रश्न मला तिच्याहून मोठा वाटतो.

आता त्या विद्यार्थ्याच्या खेळाकडे येऊ. एका शनिवारी दुपारी त्याच्या घरी गेलो. दोष प्रोटॉनचा नव्हताच. भावाने वेळ वाचविण्यासाठी खेळ विंडोजच्या जुन्या एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवरच ठेवला होता. वाइन आपल्या ड्राइव्हची नावे म्हणून ज्या खुणा करून ठेवते त्यांच्या नावात विसर्गासारखे ते दोन ठिपके असतात, आणि विंडोजच्या डिस्कवर फाइलच्या नावात ते चिन्ह चालत नाही. त्यातून असे घोटाळे उद्भवतात. खेळ लिनक्सच्या डिस्कवर नव्याने उतरवून घेतला. पहिली दहा मिनिटे चित्र मधून मधून अडखळत होते, कारण रंगछायांच्या आज्ञांचे रूपांतर प्रथमच होत होते. ते एकदा झाले की साठवून ठेवले जाते. मग तो नीट चालू लागला. आई स्वयंपाकघरातून येऊन पाहून गेली आणि अभ्यासाचे काय, असे तिने मलाच विचारले.

त्याच्या मित्रांचा मिळून खेळावयाचा खेळ मात्र पहारेकऱ्याच्या यादीतला निघाला. त्यासाठी तो रविवारी शेजारच्या घरी जातो.