काळ्या मातीचा भराव आणि दबाई

पावसाळा ओसरला की माळव्यापासून बेळगावच्या पूर्व भागापर्यंत गावोगावी मातीकामांना प्रारंभ होतो. तलावाचा बांध उभा राहतो, मोजमाप होते, देयकही निघते. पुढील पावसात तोच बांध एखाद्या ठिकाणी खचतो, तेथून पाणी ओसंडते आणि पाहता पाहता बांध वाहून जातो. माती खराब होती, असे मग म्हटले जाते. पुष्कळदा दोष मातीचा नसून दबाईचा असतो.

चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरहूनही सूक्ष्म असतात. त्यांच्यामधील पोकळ्यांत हवा व पाणी असते. धुम्मस किंवा रोलर चालविल्याने हवा तत्काळ निघून जाते. पाणी मात्र नंतरच्या भाराखाली महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे, हळूहळू झिरपत राहते आणि तितका भराव बसतो. दबाईने पोकळ्या आधीच कमी केल्या, म्हणजे पुढे दबण्यास वाव कमी उरतो.

येथे पाण्याचे प्रमाण निर्णायक ठरते. अमेरिकन अभियंता प्रॉक्टर यांनी १९३३ साली दाखवून दिले की, विशिष्ट ओलाव्यावरच ठराविक ठोक्यांनी माती सर्वाधिक घट्ट होते. त्याहून कोरडी माती दाबली तर तिचे कण अस्ताव्यस्त राहतात. असा भराव हलक्या भाराखाली टणक वाटतो व पाहणाऱ्याची फसगत होते. भार वाढला किंवा पाणी शिरले की तो एकदम बसू शकतो. किंचित ओल्या मातीतील कण एकमेकांस समांतर बसतात. ती हलक्या भारानेही थोडी दबते, परंतु अकस्मात दगा देत नाही आणि पाणीही कमी झिरपू देते. बांधाच्या गाभ्यासाठी म्हणूनच ती पसंत करतात.

मात्र अधिक दबाई म्हणजे अधिक सुरक्षितता, हा समज काळ्या मातीला लागू नाही. कोरडी असताना अतिशय घट्ट ठोकलेली काळी माती ओल लागताच फुगते आणि शाळेच्या खोलीसारखी हलकी इमारत उचलून भिंतींना तडे पाडते. जोत्याखाली मुरूम भरण्याची जुनी रीत त्यामुळेच योग्य होय.

प्रत्यक्ष कामावर ढेकळे फोडून, पाणी मारून, सुमारे १५ ते २० सेंटिमीटरचे थर एकामागून एक दाबावेत. मीटरभर माती ओतून वरून रोलर फिरविल्यास खालचा भाग भुसभुशीतच राहतो. उत्तम दबाईनंतरही बांध थोडा बसतोच. म्हणून माथ्यावर काही अधिक उंची ठेवण्यात येते. तिला उधळपट्टी समजून ग्रामस्थांनी हरकत घेऊ नये.