धुरी, पोटली आणि मोक्सा

बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी, शेगडीत रसरसलेले निखारे आणि निखाऱ्यांवर चिमूटभर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग. पुण्याच्या पेठांमधल्या वाड्यांत ही धुरी घरोघर चालायची. तिचं सामान रविवार पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानांत आजही मिळतं. पाला आणि आच यांची हीच जोडी जुळवून चीनमध्ये एक अख्खी उपचारपद्धती उभी राहिली. तिथल्या वनस्पतीचं नाव आय. चैत्रात जोतिबाला वाहिला जातो तो दवणा आणि ही आय, दोन्ही आर्टेमिसिया प्रजातीतल्या. आयच्या वाळलेल्या पानांचा कापूस धुमसत ठेवून शरीराच्या ठरावीक बिंदूंना शेक देतात. जगभर या उपचाराला मोक्सा म्हणतात आणि पुण्यातले काही ॲक्युपंक्चर चिकित्सकही सुयांच्या जोडीनं तो देतात.

जोडीनं म्हटलं तरी मोक्सा हा सुयांचा धाकटा भाऊ नव्हे. चांगशा शहराजवळ मावांगदुई इथं इसवी सनपूर्व १६८ मध्ये बंद झालेलं एक थडगं आहे. १९७३ मध्ये त्यातून रेशमावर लिहिलेले वैद्यकीय ग्रंथ निघाले. शरीरातल्या अकरा वाहिन्या आणि त्यांच्या दुखण्यांवर कुठं शेक द्यावा, हे त्यांतल्या दोन ग्रंथांत नोंदलेलं आहे. सुयांचा मात्र तिथं उल्लेखही नाही. युनेस्कोनं २०१० मध्ये ही परंपरा अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, तीही सुया आणि मोक्सा अशी एकत्रच.

आयची पानं आधी वाळवतात, मग कुटतात आणि पुन्हा पुन्हा चाळतात. देठ आणि शिरांचा भुगा गळून जातो आणि पानांच्या पाठीवरची पांढरट लव तेवढी उरते. हा कापूस जितका जुना तितका चांगला समजतात, कारण मुरताना त्यातलं उडून जाणारं तेल कमी होतं आणि तो भडकण्याऐवजी सावकाश धुमसतो. त्याचे चिमुकले शंकू कातडीवर ठेवून पेटवणं ही जुनी, डाग पाडणारी रीत. आता बहुधा शंकूखाली आल्याची किंवा लसणाची चकती ठेवतात. बेंबीवर शेक द्यायचा तर तिच्यात आधी मीठ भरतात. कागदात गुंडाळलेली जाडसर कांडी पेटवून कातडीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर धरणं ही सर्वांत सोपी तऱ्हा. कधी टोचलेल्या सुईच्या मुठीवरच कापसाची गोळी खोचून पेटवतात.

पुण्यात शेकाचं असं शास्त्र पाहायचं तर रास्ता पेठ गाठावी. टिळक आयुर्वेद महाविद्यालय तिथं १९३३ पासून आहे आणि शेठ ताराचंद रामनाथ रुग्णालय त्याला जोडलेलं आहे. आयुर्वेदातल्या पत्रपोटली स्वेदात निर्गुंडी, एरंड, रुई यांचा पाला चिरून तेलात परततात. त्याची फडक्यात पुरचुंडी बांधतात, तव्यावर गरम करतात आणि आखडलेल्या कंबरेवर किंवा खांद्यावर फिरवतात. चरकसंहितेत अग्नीच्या मदतीनं घाम आणण्याचे तेरा प्रकार सांगितले आहेत.

मोक्साच्या आणखी जवळ जातं ते सुश्रुताचं अग्निकर्म, म्हणजे तापवलेल्या साधनानं डाग देणं. त्याच्या साधनांच्या यादीत पिंपळी आहे, बकरीची लेंडी आहे, गाईचा दात आहे आणि धातूची शलाकाही आहे. शरद आणि ग्रीष्म या ऋतूंत हे कर्म टाळावं, असंही सुश्रुत बजावतो. टाचदुखीवर आजचे वैद्य तापवलेल्या पंचधातूच्या शलाकेनं ठिपके देतात, ते याच परंपरेतून.

मग गुण कशाचा, पाल्याचा की आचेचा? पोटलीतलं तेल आणि पाल्याचा रस निदान कातडीला लागतो तरी. कांडीतली आय मात्र अंगाला शिवतही नाही. ती जळते, धूर देते आणि मुख्यतः उष्णता पुरवते. कातडीखालच्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही१ नावाचे संवेदक असतात आणि ते साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढं जागे होतात. त्यांचा शोध लावणारे डेव्हिड ज्युलियस २०२१ च्या वैद्यकाच्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी. उष्णतेनं रक्तवाहिन्या रुंदावतात, स्नायू सैलावतात, दुखणं काही काळ बोथट होतं. एवढं समजायला वाहिन्यांच्या प्राचीन सिद्धांताची गरज पडत नाही.

मोक्साची सर्वांत गाजलेली परीक्षा मात्र दुखण्यावर नव्हे, पायाळू बाळांवर झाली. चीनच्या जियांगशी प्रांतात ३३व्या आठवड्यातल्या २६० गर्भवती निवडण्यात आल्या. त्यांतल्या निम्म्या जणींच्या पायाच्या करंगळीच्या नखाशेजारी मोक्साचा शेक दिला. ३५व्या आठवड्यात त्या १३० पैकी ९८ जणींची बाळं डोकं खाली करून फिरली होती. शेक न दिलेल्या १३० जणींमध्ये हा आकडा ६२ होता. हे निष्कर्ष १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आले. हा अभ्यास करणाऱ्यांतल्या इटालियन संशोधकानं पुढं तोच प्रयोग मायदेशी करून पाहिला, तेव्हा तो अर्ध्यावर थांबवावा लागला. शेक कसाबसा सोसणाऱ्या किंवा मधेच सोडणाऱ्या बायका बऱ्याच निघाल्या आणि दोन्ही गटांत फरकही दिसला नाही. पुढं झालेल्या अभ्यासांचा कौल काहीसा अनुकूल आहे, पण ‘हमखास’ म्हणण्याजोगा नाही.

आच हाताबाहेर गेली की काय होतं, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. गावोगावी टाचेला बिब्बा घालतात: बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा आणि निथळणारं तेल दुखऱ्या जागी लावायचं. ते तेल कातडी सोलवटून फोड आणू शकतं. मेळघाटात आजारी तान्ह्या बाळाच्या पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देण्याची ‘डंबा’ ही प्रथा तर जिवावर बेतते. तिथं आरोग्य कर्मचारी वर्षानुवर्षं तिच्याशी झगडत आहेत.

मोक्साचेही धोके आहेतच. मधुमेहामुळं पाय बधिर झालेल्या माणसाला चटका बसल्याचं कळतही नाही, मग जखम चिघळते. बंद खोलीतला धूर दमेकऱ्याला सोसत नाही. गर्भवतीनं प्रसूतितज्ज्ञाला विचारल्याशिवाय हा शेक घेऊ नये. पश्चिम बंगालनं १९९६ मध्ये आणि महाराष्ट्रानं २०१५ च्या कायद्यानं ॲक्युपंक्चरच्या व्यवसायाला नोंदणीची चौकट दिली. त्यामुळं कांडी पेटण्याआधी चिकित्सकाकडं नोंदणी क्रमांक मागता येतो, खिडकी उघडी ठेवायला सांगता येतं आणि सहन होईनासं झालं की लगेच थांबवायला सांगण्याचा हक्क रुग्णाला आहेच.