नकार ऐकण्याची रीत

सिग्नल लाल होतो आणि योंगहेच्या चौकात स्कूटरींचा थवा पांढऱ्या पट्ट्यांच्या चौकोनात येऊन थांबतो. तैपेईच्या नदीपलीकडचा हा भाग म्हणजे तैवानमधल्या सर्वांत दाट वस्त्यांपैकी एक. दिव्याखाली उलटे आकडे पळतायत: ६२, ६१, ६०. तेवढ्यात स्कूटरींच्या शेजारी दोन सायकली येऊन थांबतात. डोक्यावर हेल्मेट, अंगात पांढरा शर्ट आणि टाय, खिशावर काळी पाटी. पाटीवर चिनी अक्षरांत आडनाव आणि चर्चचं पूर्ण नाव: चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. जग त्यांना मॉर्मन म्हणतं. उंच मुलगा अमेरिकेतल्या युटाचा, एकोणीस वर्षांचा. त्याचा जोडीदार दक्षिण तैवानमधल्या काओश्युंगचा. दोघांनाही 'एल्डर' म्हणूनच हाक मारायची. मिशनच्या दोन वर्षांत पहिल्या नावाने त्यांना कुणी बोलावत नाही.

मी भाड्याच्या 'यूबाइक' सायकलवर त्यांच्या मागे आहे. संध्याकाळभर मला बरोबर येऊ द्यायला त्यांनी आनंदाने होकार दिलाय.

"काका, जेवलात का?" युटाचा मुलगा शेजारच्या स्कूटरवाल्याला मँडरिनमध्ये विचारतो. गोऱ्या पोराच्या तोंडून घरचा प्रश्न ऐकून काका हसतात. आम्ही मिशनरी आहोत, फुकट इंग्रजी शिकवतो, देवाविषयी बोलतो, असं मुलगा भराभर सांगतो. आकडा १४ वर आलाय. काका हात हलवतात, नको. "बरं काका, सावकाश जा." मुलगा मान लववतो. दिवा हिरवा होतो.

पुढच्या सिग्नलला कानात इअरफोन घातलेली मुलगी वळूनही बघत नाही. त्याच्या पुढच्या सिग्नलला एक जण कार्ड घेतो आणि न वाचताच खिशात टाकतो. मी मुलाच्या चेहऱ्याकडे बघत राहते. प्रत्येक नकारानंतर तो मान लववतो आणि पुढच्या माणसाशी नव्याने हसतो.

मिशनरी म्हटलं की आपल्याला १८१३ साली मुंबईत उतरलेला गॉर्डन हॉल आणि त्याचे सोबती आठवतात. ते आपल्याकडे आयुष्य घालवायला आले होते आणि हॉलचा शेवटही आपल्याच मातीत झाला. ही पोरं दोन वर्षांनी घरी जाऊन कॉलेजात बसतील. पण आज जगभर अशी ७०,०००हून अधिक मुलं-मुली मिशनवर आहेत. पगार नाही, खर्च स्वतःचा आणि घरच्यांचा. कुठे जायचं हेही त्यांच्या हातात नसतं, चर्चकडून पत्र येतं. "पत्र उघडलं तेव्हा तैवान नकाशावर शोधावं लागलं," मुलगा सायकल ढकलत सांगतो. तैवानमध्ये असे पहिले चार एल्डर १९५६ साली आले. आज सव्वादोन कोटींहून जास्त वस्तीच्या या देशात त्यांचे सभासद साठ हजारांच्या आसपास आहेत.

त्याचा दिवस साडेसहाला उठून सुरू होतो. व्यायाम, मग धर्मग्रंथाचं वाचन, मग चिनी भाषेचा अभ्यास, आणि त्यानंतर रस्ता. जोडीदाराला सोडून एकट्याने कुठेही जायचं नाही. घरच्यांशी आठवड्यातून एकदा बोलता येतं. २०१९ पूर्वी वर्षातून दोनच फोन असायचे. "पहिले काही महिने मी बोललेलं कुणालाच कळायचं नाही," तो म्हणतो. "रात्री प्रार्थनेत मी फक्त शब्द मागायचो."

आता आम्ही एका अरुंद गल्लीत शिरतो. कपडे अल्टर करून देणाऱ्या आजींचं छोटं दुकान आहे. शिवणयंत्र, दोऱ्यांची रिळं, कोपऱ्यात पुठ्ठ्यांची चळत. भिंतीवरच्या देव्हाऱ्यात लाल दिवा, पूर्वजांची पाटी आणि आजोबांचा फोटो. आजी लगेच उलाँग चहा ओततात.

"आजी, आम्ही चहा घेत नाही. पाणी चालेल." १८३३ साली त्यांच्या संस्थापकाने, जोसेफ स्मिथने सांगितलेल्या नियमानुसार चहा, कॉफी, दारू, तंबाखू त्यांना वर्ज्य. आजींच्या कपाळाला आठी पडते. घरी आलेल्याला नुसतं पाणी द्यायचं? त्या उठतात, पेरू चिरतात आणि फोडी पुढे सरकवतात. दोघे त्या चवीने खातात.

मग आजीच विषय काढतात. मध्येच त्या मँडरिन सोडून तैवानी बोलीत जातात, तेव्हा काओश्युंगचा एल्डर पुढे होतो. प्रश्न साधा आणि जड आहे: "मी तुमच्यात आले, तर यांना अगरबत्ती कोण लावणार?" बोट आजोबांच्या फोटोकडे.

युटाचा मुलगा क्षणभर थांबतो. मग जपून बोलतो. आमच्यात पूर्वजांना अगरबत्ती लावत नाहीत, पण त्यांना विसरतही नाहीत. कुटुंब मृत्यूनंतरही टिकतं, असं आम्ही मानतो. नदीपलीकडे तैपेईत १९८४ पासून आमचं मंदिर आहे. तिथे मृत पूर्वजांच्या नावाने बाप्तिस्मा घेतात. तो स्वीकारायचा की नाही, हे त्या आत्म्याने ठरवायचं. त्यासाठीच या चर्चने जगभरच्या वंशावळ्या जमवल्यात. आपल्याकडच्या कुलवृत्तांतांसारखे चिनी कुळांचे ग्रंथही त्यांनी मायक्रोफिल्मवर उतरवून घेतलेत.

एवढं सांगून तो गप्प होतो आणि विचारतो, "आजोबा काय करायचे?"

आजी सांगू लागतात. आजोबांची सुतारकी, त्यांचा तापट स्वभाव, शेवटचं आजारपण. मुलगा मधे बोलत नाही. पाटीवरचं नाव कसं वाचायचं ते विचारतो, चुकतो, आजी दुरुस्त करतात, तो पुन्हा म्हणून दाखवतो.

बाहेर बेथोवनची धून वाजते. कचऱ्याची पिवळी गाडी आली. तैवानमध्ये कचरा रस्त्यावर ठेवत नाहीत, गाडी येते तेव्हा हाताने नेऊन टाकतात. अख्खी गल्ली पिशव्या घेऊन धावते. दोघे एल्डर टाय खांद्यावर टाकून आजींच्या पिशव्या उचलतात. घाईत थोडेच पुठ्ठे मागच्या भंगाराच्या गाडीत जातात, बाकीचे राहतात.

परतल्यावर आजी स्पष्ट सांगतात, "तुमच्या देवळात मी येणार नाही. यांना सोडून मी कुठे जाणार?" जरा थांबून, "पण गुरुवारी पुठ्ठे न्यायला या."

"येतो, आजी," मुलगा म्हणतो आणि वहीत गुरुवार लिहून घेतो.

धर्मप्रसाराबद्दल माझ्या मनात शंका आहेत आणि त्या आज मिटलेल्या नाहीत. दुसऱ्याचा देव बदलायला निघणं ही फार मोठी गोष्ट आहे. आजींच्या देव्हाऱ्यासमोर बसल्यावर तर ती आणखी मोठी वाटते. पण प्रचारकाची एक कसोटी मला आज मिळाली: नकार मिळाल्यावर तो काय करतो? तिथे आमिष आलं, धाक आला, किंवा ओळखच पुसली गेली, तर आधीचा गोडवा खोटा होता. या मुलाला जे सांगायचं होतं ते त्याने उघड सांगितलं, आजींचं 'नाही' पूर्ण ऐकलं, आणि तरीही तो येणार आहे. त्याची श्रद्धा माझी नाही, पण तिच्या खरेपणाबद्दल मला शंका नाही. उद्या सकाळी तो आजींसाठी प्रार्थना करेल आणि गुरुवारी त्यांचे पुठ्ठे उचलेल. दोन्ही सारख्याच मनापासून.