पोटावर मनोरा की घुमट?

एका लांब सुतळीला कोंबडीच्या मानेचा तुकडा बांधायचा, धक्क्यावर पालथं पडायचं आणि सुतळी पाण्यात सोडून गप्प राहायचं. हळूच हिसका बसला, की सुतळी सावकाश वर घ्यायची. घाई केलीत की संपलं! खेकडा पाण्याबाहेर यायच्या आत खालून दांड्याचं जाळं सरकवायचं. की झाली शिकार!

दोस्तांनो, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, वॉशिंग्टन शहरापासून जवळच, चेसापीक नावाचा सुमारे ३२० किलोमीटर लांबीचा उपसागर आहे. तिथल्या मुलांचा हा उन्हाळ्याच्या सुट्टीतला लाडका उद्योग. पण खेकडा हाती आला म्हणून टोपलीत टाकता येत नाही, बरं का! आधी त्याला उलटा करून त्याचं पोट बघावं लागतं.

या निळ्या खेकड्याचं शास्त्रीय नाव कॅलिनेक्टिस सॅपिडस. म्हणजे 'सुंदर पोहणारा, चवदार'. नावातच घात आहे बिचाऱ्याचा! नराच्या पोटावर उंच, निमुळत्या मनोऱ्यासारखी आकृती असते. तिथली मुलं म्हणतात, हे वॉशिंग्टनचं स्मारक. मोठ्या मादीच्या पोटावर मात्र घुमट असतो, संसदभवनाच्या घुमटासारखा. शिवाय मादीच्या नांग्यांची टोकं लाल, जणू नखं रंगवलेली. घुमट दिसला, लाल नखं दिसली, की खेकडा परत पाण्यात. उपसागराच्या वरच्या भागातल्या मेरीलँड राज्याने २००८ सालापासून हौशी लोकांना मादी नेण्याची बंदी केली आहे. नरसुद्धा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाच इंच भरला पाहिजे, आणि १५ जुलैनंतर सव्वापाच. म्हणून तिथल्या मुलांच्या खिशात मोजपट्टी असते.

मादीचे एवढे लाड का? कारण तिचं लग्न आयुष्यात एकदाच लागतं. त्यानंतर ती उपसागराच्या तोंडाकडे, खाऱ्या पाण्याकडे निघते. तिथे तिच्या पोटाखाली स्पंजासारखा नारिंगी गोळा दिसू लागतो. त्यात सात-साडेसात लाखांपासून वीस लाखांपर्यंत अंडी असतात! त्यांतली जगतात फार थोडी, पण सगळा हिशोब त्या थोड्यांवरच चालतो.

थंडीत या माद्या तोंडाजवळच्या चिखलात स्वतःला पुरून घेतात. आणि तिथेच घोटाळा होता. उपसागराचा खालचा भाग व्हर्जिनिया राज्याचा. तिथले मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या हिवाळ्यात लोखंडी दात्यांची अवजड जाळी बोटीमागे ओढून चिखल उपसत. वर यायच्या त्या बहुतेक माद्याच! मेरीलँडने वर कितीही जपलं, तरी खाली व्हर्जिनियात त्याच माद्या जाळ्यात. खेकड्यांना राज्यांच्या सीमा कुठे ठाऊक?

२००८ साली संख्या तीस कोटींच्या खाली आली, तेव्हा दोन्ही राज्यांनी मिळून माद्यांची पकड सुमारे एक तृतीयांशाने घटवली. त्या हिवाळ्यात व्हर्जिनियात चिखल उपसणं थांबलं.

तुम्ही म्हणाल, छान झालं! पण ज्यांची चूल त्यावर पेटायची, त्या मच्छीमारांनी थंडीत काय खायचं? हौशी माणसाला रिकामी टोपली घेऊन घरी जाता येतं, त्यांना नाही. म्हणूनच धंदेवाल्यांना मादी पूर्ण बंद नाही, ठरलेल्या मर्यादेत पकडता येते. सुतळी धरणाऱ्या मुलाला हा अन्याय वाटेल, पण मला तरी तो पटतो.

त्या मच्छीमारांसाठी व्हर्जिनियात एक नामी युक्ती निघाली. हरवलेले, दोर तुटलेले तारेचे पिंजरे उपसागराच्या तळाशी तसेच पडून असतात. त्यांत खेकडे शिरतात, अडकतात आणि मरतात. पकडणारा कोणी नाही, तरी पकड चालूच! त्यांना 'भुताचे पिंजरे' म्हणतात. मच्छीमारांना पैसे देऊन हिवाळ्यात हे पिंजरे शोधायला लावलं. २००८ ते २०१४ या काळात सुमारे ३४ हजार पिंजरे बाहेर निघाले!

खेकडे वाढले का? दर हिवाळ्यात शास्त्रज्ञ सुमारे १५०० ठिकाणी तळ तपासून अंदाज बांधतात. २०१२ साली आकडा सुमारे ७६ कोटींवर गेला. सगळे खूश! पण २०२२ साली तो २३ कोटींच्याही आत घसरला, १९९० साली मोजणी सुरू झाल्यापासूनचा सर्वांत कमी. माद्या जपूनही असं का? पाण्यातलं गवत, जिथे पिल्लं लपतात, ते कमी झालं. बाहेरून आणून सोडलेला ब्लू कॅटफिश मासा आता उपसागरभर पसरलाय आणि तो खेकडे खातो. त्याला कायदा कोण वाचून दाखवणार? त्याच वर्षी मेरीलँडने धंद्यासाठी नर पकडण्यावरही प्रथमच मर्यादा घातली.

आणि हो, घरी चिंबोऱ्या आणल्या, तर एक उलटी करून बघा. आपल्याकडेही नराच्या पोटावरचं झाकण अरुंद असतं, मादीचं रुंद. फक्त नांग्या नीट बांधल्या आहेत ना, हे आधी आईला विचारा!