गांधीनगरचा शेवटचा डाव

आपल्याकडे पारावर, देवळाच्या ओट्यावर अजूनही बुद्धिबळाचा पट मांडला जातो. खेळणारे दोघे आणि सल्ला देणारे दहा. चाल चुकली तर 'थांब रे, राहू दे' म्हणत मोहरं मागं घ्यायचं. मुलामुलींच्या स्पर्धेत हे लाड नाहीत. मोहऱ्याला हात लागला की तेच हलवायचं. चाल कागदावर लिहायची. शेजारी घड्याळ चालू. वेळ संपला की चांगला डावही सहसा हातचा गेलाच.

जून २०२४ मध्ये गुजरातेत गांधीनगरला २० वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा झाली. आपल्या नागपूरची दिव्या देशमुख तेव्हा १८ वर्षांची. फेऱ्या ११. जिंकल्यास एक गुण, बरोबरी झाली तर अर्धा. दहा फेऱ्यांनंतर दिव्याचे ९ गुण होते, हार एकही नाही. अखेरच्या फेरीत समोर बल्गेरियाची बेलोस्लावा क्रस्तेवा.

आता हिशेब बघा. आर्मेनियाची मरियम म्कर्त्चियान शेवटी ९.५ गुणांवर थांबली. म्हणजे दिव्याने बरोबरी पत्करली असती तर दोघींचे गुण सारखे झाले असते आणि अजिंक्यपद नियमांच्या आकडेमोडीवर गेलं असतं. अर्ध्या गुणाची किंमत ही अशी. पारावर आपण 'बरोबरी झाली' म्हणून चहा सांगतो, तिथं दहा फेऱ्यांची मेहनत टांगणीला लागते.

दिव्याने डाव जिंकला. ११ पैकी १० गुण! कोनेरू हंपी, द्रोणवल्ली हरिका आणि सौम्या स्वामिनाथन यांच्यानंतर हा किताब घेणारी ती चौथी भारतीय मुलगी. वर्षभराने, जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत तिने त्याच हंपीला हरवलं आणि ग्रँडमास्टर झाली.

गावातल्या पोरांना स्पर्धेला पाठवायचं असेल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या देशी खेळात प्यादं पहिल्या चालीला एकच घर जातं, स्पर्धेत दोनही जाऊ शकतं. देशी रीतीत शेवटच्या घरात पोचलेलं प्यादं ज्या मोहऱ्याचं घर तेच होतं. स्पर्धेत वजीर, हत्ती, उंट, घोडा यांतलं हवं ते मागता येतं. हे आधी घोटून घ्यावं. नाहीतर पोरगं हुशार असूनही पंचाशी वाद घालण्यातच त्याचं घड्याळ जातं.