पावणेतीन आणि यंत्राची लिपी

‘पावणेतीन’ हा शब्द उकलला की आत वजाबाकी सापडते. ‘पाऊण’चं मूळ संस्कृत ‘पादोन’, म्हणजे पाव कमी. एकोणतीसमध्येही तोच ‘ऊन’ दडलेला आहे. जुन्या पिढीनं पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, अगदी साडेतीनाची औटकीसुद्धा तोंडपाठ केली, कारण बाजारच तसा होता. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. निम्मं करायचं, त्याचं पुन्हा निम्मं.

संगणकही असाच मोजतो. त्याच्याकडे अंक दोनच, 0 आणि 1. त्याच्या लिपीत बिंदूनंतरचं पहिलं घर अर्ध्याचं, दुसरं पावाचं, तिसरं अर्धपावाचं आणि चौथं एक-सोळांशाचं, म्हणजे थेट आण्याचं! पावणेतीन तिथे 10.11 असे चार अंकांत पुरे होतात. रुपयाचा चौसष्टावा भाग असलेला जुना पैसा सहाव्या घरात नेमका बसतो. हे मला फार विलक्षण वाटतं.

उलट, आपल्याला अगदी सोपा वाटणारा 0.1 तिथे कधीच संपत नाही. एक-तृतीयांश लिहिताना आपले 3 संपत नाहीत, तसंच यंत्राचं 0.000110011… चालूच राहतं आणि कुठेतरी तोडावं लागतं. म्हणून अनेक संगणकभाषांत 0.1 आणि 0.2 यांची बेरीज 0.30000000000000004 येते. यंत्र गणितात कच्चं नाही. कुठली संख्या सरळ आणि कुठली अवघड, हे ती ज्या भाषेत मांडली तिच्यावर ठरतं.

या तोडण्याची किंमत माणसांनी जिवानं मोजली आहे. 25 फेब्रुवारी 1991, सौदी अरेबियातलं धाहरान. तिथल्या अमेरिकी पेट्रियट क्षेपणास्त्ररोधक यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागांत वेळ मोजत होतं आणि तो 0.1 चोवीस बिटांत तोडलेला होता. सुमारे शंभर तास यंत्रणा सलग चालली, कणाकणानं साचलेली चूक एक-तृतीयांश सेकंदावर गेली. तेवढ्या वेळात चालून येणारं इराकी स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर कापतं. यंत्रणा त्याला भलत्याच जागी शोधत राहिली. ते अडवलं गेलं नाही आणि 28 अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. वेळ सेकंदाच्या आठव्या भागांत मोजली असती, तर ही चूक साचलीच नसती.

आपल्याकडे 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली. हिशेब सोपे झाले, पण नवा पैसा, शंभरावा भाग, यंत्राच्या घरांत बसत नाही. म्हणून जाणते प्रोग्रामर रक्कम रुपयांच्या अपूर्णांकात न ठेवता पैशांच्या पूर्णांकात ठेवतात. पावणेतीन रुपये तिथे 275 होतात.